आबा, मंडळ मोडू नका

अ‍ॅमस्टलव्हेन, नेदरलँड्स

ती. आबा आणि काकी यांना सा. नमस्कार.

परवा दादाचा फोन आला. म्हणाला, आबांनी ठरवलंय, दसरा झाला की आपलं हॉकीचं मंडळ बंद, स्टिका पोरांना वाटून टाकायच्या. फोनवर तुमच्यापुढं बोलायची माझी टाप नाही, म्हणून लिहितोय.

इथं घरामागंच हॉकीचा क्लब आहे. पोरीला घातलंय. मला वाटायचं, इथं सगळं सरकार करत असेल. मैदानाला नगरपालिकेचा हात असतो, पण क्लब चालतो तो सभासदांच्या वर्गणीवर आणि अंगमेहनतीवर. कँटीनला पालकांच्या पाळ्या असतात. माझी पाळी होती त्या दिवशी मी गल्ल्यावर, आणि शेजारी बँकेतला एक मोठा साहेब घाम पुसत बटाटे तळतोय. पोरं जरा मोठी झाली की पंचगिरीची परीक्षा देतात आणि धाकट्यांच्या मॅचला शिट्टी घेऊन उभी राहतात. त्यांच्यावर ओरडणाऱ्या बापाला बाकीचे बापच गप्प करतात.

आपल्याकडं कोल्हापुरात हे सगळं एकटे तुम्ही. वर्कशॉपची पाळी संपवून सायकलला चुन्याची पिशवी अडकवून लाईन बाजारच्या मैदानावर यायचं, गोलसमोरची अर्धगोल डी आखायची, खेळायचं, खेळवायचं. तुतीची स्टिक हुकाजवळ तडकली की चिरेत फेविकॉल भरायचा, सुतळीनं आवळायची, रात्रभर कॉटच्या पायाखाली दाबून ठेवायची आणि सकाळी वरून ट्यूबची पट्टी. अंधारात काकी त्या स्टिकला अडखळायची आणि मग तुमचा उद्धार व्हायचा! इथल्या कार्बनच्या स्टिकला चीर गेली की सरळ कचऱ्यात. टर्फवर पाणी मारून खेळतात, बॉल सरळ पळतो. मुरमावरचा बॉल नडगीवर कसा बसतो, हे माझ्या पोरीला सांगूनही पटत नाही.

तिला अ‍ॅमस्टरडॅमचं ऑलिम्पिक स्टेडियम दाखवून आणलं. 1928 मध्ये तिथंच आपण यजमान हॉलंडला 3-0 नं हरवून पहिलं सुवर्ण घेतलं. पाच सामन्यांत 29 गोल, त्यातले 14 ध्यानचंदांचे, आणि आपल्यावर एकही नाही. तिनं विचारलं, ध्यानचंदांना पगार किती होता? म्हटलं, फौजेत नोकरीला होते, तिथं मिळेल तेवढा. तुम्हीही नोकरीच्या पगारातूनच मंडळ काढलंत, हे तिला तेव्हाच सांगितलं.

आता रागावू नका. पोराच्या बापाकडं पैसे मागायचे नाहीत, हा तुमचा हट्ट मला कधीच पटला नाही. आपलं गाव फुटबॉलवेडं. पाटाकडील-खंडोबा या दोन तालमींच्या संघांची मॅच असली की शाहू स्टेडियमला पाय ठेवायला जागा नसते. हॉकीला देणगीदार मिळायचा तो फ्लेक्सवर फोटो लागेपर्यंतच. वर्गणी भरणारा बाप मैदानावर येईल, माझं पोरगं का बसवलं म्हणून भांडेलसुद्धा. भांडू दे की! तोच उद्या मैदान झाडायलाही येईल.

तेव्हा दसऱ्याआधी पालकांची बैठक घ्या. महिन्याला शंभर रुपये लावा. ज्याला जमत नाही, त्याच्या घरातल्यानं रविवारी मैदान आखायचं. हिशेबाची वही दादाकडं द्या आणि खोलीची किल्ली शकूताईच्या पोरीकडं. शाळेकडून खेळलीय, आवाजही असा आहे की शिट्टीची गरज नाही. तुम्ही फक्त गोलकीपर घडवा, ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही. पण तिनं संघ निवडला की मध्ये बोलायचं नाही, हे आधी कबूल करा. तिथंच गाडी अडणार, मला ठाऊक आहे.

इथं पोरांची उंची वाढली की जुन्या स्टिका पडून राहतात. 34 आणि 35 इंची, मला जमतील तेवढ्या गोळा केल्यात. दिवाळीला इथला एक मित्र सांगलीला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. काकी, परतताना त्याच्याकडं कांदा-लसूण चटणी द्या, गेल्या वेळची संपली. बैठकीत कोण काय बोललं ते दादाला सविस्तर कळवायला सांगा, तुम्ही आपल्या सोयीचं तेवढंच सांगाल.

तुमचा,
बाळू