आई, ती जर्नलची फाइल काढू नकोस

पुणे

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आई, आधी तुझं काम. लॅपटॉपवर 'पाऊस' नावाच्या फोल्डरमध्ये एक मोठी फाइल असते आणि तिच्या शेजारी कधीकधी दुसरी एक छोटी दिसते, जिच्या नावाच्या शेपटीला 'जर्नल' लिहिलेलं असतं. परवा तू विचारलंस, "ह्यां कसलां गे, काढून टाकूं काय?" काढू नकोस. दोन्ही नको. का ते पुढे येईलच. फोनवर सांगायला घेतलं की निम्म्यात रेंज जाते आणि बाबांचं 'हॅलो, हॅलो' तेवढं उरतं, म्हणून लिहूनच पाठवतेय.

बाबा, तुमचा प्रश्न वेगळा होता. वाऱ्यापावसात दिवसभर नेट नव्हतं आणि तरी तुम्ही 1961 चा जुलै मागितल्यावर तक्ता आला. (पानशेत फुटलं त्या महिन्यात आपल्याकडे किती पडला हे बघायचं तुमच्या मनात होतं, ओळखलं मी.) "नेट नाही तर हे आलं कुठून?" ते लॅपटॉपच्याच डिस्कवरून आलं. आधी एकदा नेटवरून आणलेलं होतं, ते तिथेच ठेवलं होतं.

तो तक्ता काढून देणारा प्रोग्रॅम मी पायथन या संगणकाच्या भाषेत लिहिलाय. तो 'ओपन-मेटिओ' नावाच्या सेवेला विचारतो: अमुक अक्षांश, अमुक रेखांश, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत दर तासाला पाऊस किती? तिकडून आकड्यांची लांबलचक यादी येते. हे विचारायचं काम पायथनमध्ये 'रिक्वेस्ट्स' नावाची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, करते. मी तिच्या जागी 'रिक्वेस्ट्स-कॅश' बसवलीय; कॅश म्हणजे हाताशी ठेवलेला साठा. ती विनंती बाहेर पाठवण्याआधी पत्ता आणि त्यातले सगळे तपशील एकत्र करून त्यांची एक छोटी खूण तयार करते, आणि डिस्कवरच्या फाइलमध्ये त्या खुणेचं उत्तर आधीपासून आहे का ते बघते. असलं तर तेच देते, नेटकडे फिरकतही नाही. नसलं तर विचारते, आलेलं उत्तर जसंच्या तसं फाइलमध्ये टाकते आणि मग आपल्याला दाखवते. पायथनमध्ये नुसतं मेमरीत लक्षात ठेवायची सोयही आहे, पण प्रोग्रॅम बंद केला की ती पाटी कोरी. पावसाळ्यात दिवसातून कितीदा लाइट जाते ते तुम्हीच बघता, तिथे डिस्कच हवी.

इथे एक खोच आहे, ती तुम्हाला आवडेल. खूण पत्त्यावरून बनते. '1 जानेवारी 1940 पासून आजपर्यंत' असं विचारलं तर 'आज' रोज बदलतो, म्हणजे पत्ता रोज नवा, खूण रोज नवी, आणि ऐंशीहून जास्त वर्षांचा पाऊस रोज नव्याने ओढून आणायचा. साठा असून उपयोग शून्य. म्हणून मी वर्षावर्षाचे तुकडे पाडलेत. 1961 चा पत्ता कायम 1961 चाच राहतो. रोज नव्याने विचारावं लागतं ते फक्त चालू वर्षाला.

आता शिळं कधी समजायचं हा खरा प्रश्न. आई, आगोटीआधी तू बेगमी करतेस तेव्हा सोलं, सांडगे, सुकी मासळी वर्षभराची भरतेस, पण दूध कोणी भरून ठेवत नाही. तसंच हे. 1961 चा पाऊस पडून गेला, त्याला मुदत लावायची गरज नाही. उद्याच्या अंदाजाला मी एक तास दिलाय, म्हणजे 3600 सेकंद. बाबा, "बटण चारदा दाबलं तरी आकडा तोच" अशी तुमची तक्रार होती, त्याचं कारण हे. जगभराचे अंदाज काढणारी मोठी मॉडेलं दिवसातून साधारण चार वेळा चालतात, त्यामुळे पाच मिनिटांनी पुन्हा विचारून वेगळं काही हाती लागणार नाही. तासाभराने दाबा.

मधला माल अवघड. जुने आकडे येतात ते 'एरा-5' नावाच्या संचातून. तो युरोपियन हवामान केंद्र बनवतं. तो आजच्या पाच दिवस मागे चालतो, आणि जे पहिल्यांदा येतं ते कच्चं असतं. पक्कं व्हायला दोन-तीन महिने जातात. बहुतेक वेळा फरक पडत नाही, पण पडू शकतो. म्हणून डिसेंबर संपला की वर्ष लगेच कुलूपबंद करायचं नाही, हे प्रोग्रॅमला सांगून ठेवलंय. गेलं वर्ष एप्रिलपर्यंत कच्च्यातच राहतं, आणि त्यानंतर एकदा शेवटचं आणून कायमचं ठेवायचं. ही मुदत कोणतीही लायब्ररी आपणहून ठरवू शकत नाही. ज्याला त्या आकड्यांचं कूळ माहीत आहे त्यानेच ती ठरवायची.

मुदत संपलीय आणि नेटही नाही, अशा वेळी काय? लायब्ररीला सांगता येतं की नवं मिळालं नाही तर गप्प बसू नकोस, जुनं दे. तसं सांगितलंय. पण जुनं देताना ते जुनं आहे हे दिसलंच पाहिजे, नाहीतर चार दिवसांपूर्वीचा अंदाज आजचा समजून तुम्ही सुपारीला फवारणी करायला माणसं बोलवाल. म्हणून तक्त्यात आकड्याशेजारी फुली आली तर समजा की तो साठ्यातला आणि मुदत उलटलेला आहे. तो कधी आणला होता ती तारीख आणि वेळ खाली येते.

आता आईच्या दोन फायली. मोठी आहे तो साठा. त्यात सात लाखांहून जास्त तासांचे आकडे आहेत आणि तरी ती वीसेक एमबीचीच आहे, तुझ्या फोनमधल्या नातवाच्या व्हिडिओंपुढे काहीच नाही. ती 'एस्क्यूलाइट' नावाच्या प्रकारची आहे. रिचर्ड हिप या अमेरिकन माणसाने 2000 साली ते बाहेर काढलं, कुणालाही वापरायला फुकट ठेवलं, आणि आज ते जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये असतं, तुझ्याही. त्याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे लिहिता लिहिता लाइट गेली तरी फाइल बिघडत नाही. फाइलच्या एखाद्या पानात बदल करण्याआधी त्या पानाचा जुना मजकूर ते 'जर्नल'मध्ये उतरवून ठेवतं, मग बदल करतं, आणि सगळं नीट झालं की जर्नल पुसून टाकतं. म्हणून ती छोटी फाइल कधी दिसते, कधी नाही. लाइट मध्येच गेली असेल तर ती तिथेच पडून राहते. पुढच्या वेळी प्रोग्रॅम उघडला की तिच्यावरून अर्धवट लिहिलेलं परत पूर्वीसारखं केलं जातं. आणि नेमकं त्याच वेळी "काय हा कचरा" म्हणून तू ती काढलीस, तर मोठी फाइल अर्धवटच राहील. प्रोग्रॅम उघडून बंद करायचा, म्हणजे ती आपोआप जाईल.

फाइलच्या नावात मी 'कॅश' हा शब्द मुद्दामच ठेवला नाही. लॅपटॉप दुरुस्तीला गेला की 'क्लीन करून देतो' म्हणणारे पहिल्यांदा त्याच नावाच्या फायली उडवतात.

बाबा, साडेआठचा घोळ मिटला. तुम्ही वहीत सकाळी साडेआठला माप घेऊन लिहिता, हवामान खात्याचीही तीच रीत. ओपन-मेटिओ मात्र दिवसाची बेरीज मध्यरात्र ते मध्यरात्र देतं. रात्रभर कोसळून पहाटे थांबलेला पाऊस त्यामुळे तुमच्याकडे एका तारखेला आणि त्यांच्याकडे दोन तारखांत वाटून दिसत होता. तुम्ही ते बोलून दाखवल्यावर मी तासातासाचे आकडे ग्रिनिचच्या वेळेनं घेतले. तिथले पहाटेचे 3 म्हणजे आपले बरोबर साडेआठ, त्यामुळे बेरीज 3 ते 3 केली की तुमचा दिवस मिळतो. बेरजा मी किती वेळा बदलून बघितल्या असतील, पण त्यासाठी नेटवर जावं लागलं नाही, कारण डिस्कवर कच्ची उत्तरं आहेत, बेरजा नाहीत. कामावरही मी हेच धरून असते: आलेलं उत्तर न शिवता ठेवावं आणि हिशेब दरवेळी नवा करावा. हिशेब करून ठेवणाऱ्यांशी माझे रोज वाद होतात.

आणि भिडेचाही भाग आहे. ही सेवा बिगर-व्यावसायिक वापराला फुकट आहे, दिवसाला 10,000 विनंत्यांपर्यंत. पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळाचे आकडे एकदम मागितले तर ती एक विनंती अनेक म्हणून मोजतात. सगळी वर्षं रोज नव्याने मागवली असती तर आपण एकटेच हजारोंचा चट्टामट्टा केला असता. अति झालं की समोरून 429 असं उत्तर येतं, म्हणजे 'फार विचारताय, थांबा'. त्यांनी पायथनसाठी दिलेल्या नमुन्यात कॅश आधीपासून घातलेली असते, जुन्या आकड्यांना कायमची आणि अंदाजाला तासाची. फुकट देणाऱ्याने एवढी तरी अपेक्षा का ठेवू नये!

एवढं सगळं असून, तक्ता आणि तुमची वही जुळत नाही तिथे वहीच खरी धरा. एरा-5 म्हणजे कुणी आपल्या माडखोल गावात जाऊन मोजलेला पाऊस नव्हे. उपग्रह, फुगे, जमिनीवरची केंद्रं यांच्या नोंदी मॉडेलमध्ये घालून काढलेला तो हिशेब आहे, आणि त्याचा एकेक चौकोन पंचवीस-तीस किलोमीटरचा असतो. आंबोलीचा घाट आणि खालचं तळकोकण त्याला वेगळं काढता येत नाही. घाटमाथ्याचा मुसळधार पाऊस त्यात कमीच दिसतो. तुमच्या वहीत 180 मिलिमीटर असेल आणि तक्त्यात 70, तर मापक गळतोय का म्हणून तपासत बसू नका.

ती मोठी फाइल उद्या गेलीच, तर मी इथून पुन्हा भरून देईन, अर्ध्या तासाचं काम. वह्यांचं तसं नाही. त्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, आणि खालच्या कप्प्यातल्या दोन-तीन वह्यांना वाळवीची माती लागलेली मी मे महिन्यात बघितलीय. गणपतीला येताना स्कॅनर घेऊन येते. तोवर त्या माडीवरच्या लोखंडी पेटीत हलवा, खाली कडुलिंबाचा पाला पसरा, आणि बॉलपेनने लिहिलेल्या आहेत त्या वेगळ्या काढून ठेवा, शाईने लिहिलेल्या वह्या आधी स्कॅन करायच्या आहेत. जून ते सप्टेंबरची पानं आपण पहिल्यांदा करू, बाकीची नंतर. आकडे तुम्ही वाचा, मी टाइप करते. तुमचा 1 आणि 7 मला अजून ओळखता येत नाही.

आई, दादाबरोबर आमसुलं पाठव. मागची संपली.

तुमची,
धाकटी