धार जी काढते तिच्या खात्यावर बिल जाऊ दे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लाडकी बहीण योजनेवर तुमच्या पेपरात बरीच पत्रं येतात, कुणी म्हणतं तिजोरी रिकामी होणार, कुणी म्हणतं बायकांना फुकटची सवय लागली. मला जरा वेगळं बोलायचंय. २०२४ च्या ऑगस्टपासून महिन्याला १५०० रुपये थेट बाईच्या आधार लिंक खात्यावर यायला लागले आणि आमच्या भागातल्या कितीतरी बायका त्यानंतरच एकट्या बँकेत जायला लागल्या, हे मी डोळ्यानं बघितलंय. मी बँकेत काउंटरवर नोकरी केलीय, आता रिटायर आहे, त्यामुळं खातं कुणाच्या नावावर आणि पासबुक कुणाच्या खिशात हे मला लगेच कळतं. पण सगळ्यांचं तसं नाही, अजूनही कितीतरी बाया अशा की बाई स्लिपवर सही करणार, नोटा घेऊन शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडं देणार, आणि ओटीपी येणार तो दिराच्या नाहीतर पोराच्या मोबाईलवर. आता ह्याला काय आर्थिक स्वातंत्र्य म्हणायचं? नोकरी करणाऱ्या बायकांचं पण काही फार वेगळं नाही, पगार चांगला असतो पण एटीएम कार्ड घरच्यांकडं, आणि माहेरी आईला औषधाला दोन हजार द्यायचे तर चोरून द्यावे लागतात. स्वतः कमावलेले पैसे चोरून!

पण माझा मुख्य मुद्दा दुधाचा आहे. आपला कोल्हापूर जिल्हा दुधाचा, गोकुळ संघ १९६३ सालचा, खेडोपाडी दूध संस्था. गोठ्यात जाऊन बघा काम कोण करतंय ते. पहाटे उठून शेणघाण, वैरण, धारा, म्हैस आजारी पडली की डॉक्टरला फोन, सगळं बाईच करते, उसाच्या टोळ्या चालू असल्या तरी आणि घरात लग्न असलं तरी धार काय चुकत नाही. आणि संस्थेत सभासद कोण? नवरा, नाहीतर वारलेल्या सासऱ्याचं नाव अजून तसंच. दहा दिवसाचं बिल त्याच्या खात्यावर, दिवाळीला दुधाच्या दरातला फरक म्हणून मिळणारी रक्कम त्याच्या खात्यावर, संस्थेच्या इलेक्शनला मत पण त्याचंच. महिलांच्या दूध संस्था आहेत आपल्याकडं, चांगल्या चालवतात पण, नाही असं नाही, पण काही ठिकाणी तिथंही कारभार कोण बघतं ते गावात सगळ्यांना माहीत असतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय, म्हणजे त्या भागाची खास वस्तू म्हणून नोंद, मिळालं, सगळ्यांना अभिमान वाटला, मला पण वाटला, पण घरात बसून चपलेची चामड्याची वेणी घालणाऱ्या बायकांच्या हातात मजुरी पडते का हे कुणी विचारत नाही.

आणि एक गोष्ट मला फार लागते. उत्पन्नाला तिचं नाव चालत नाही पण कर्जाला बरोबर चालतं. मायक्रोफायनान्सवाले बायकांचाच ग्रुप करतात, कर्ज तिच्या नावावर, पैसे जातात नवऱ्याच्या गाडीला नाहीतर आधीच्या देण्यात, आणि हप्ता चुकला की वसुलीवाला येऊन बसतो तिच्या दारात, वर ग्रुपमधल्या बाकीच्या बायका तिच्यावर चिडतात कारण तिचा हप्ता त्यांनी भरायचा असतो. घराचंही तसंच, २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं की स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे म्हणून नाव लागतं, चांगलंय, पण ते कागद कपाटात कुठं ठेवलेत हे तिला माहीत नसतं.

२००५ च्या कायद्यानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये स्पष्ट केलं की २००५ ला वडील हयात नसले तरी तो हक्क आहे. तरी हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला वाटा सोडल्याच्या कागदावर, सह्या चालूच आहेत, भावाशी संबंध तुटतील म्हणून. त्या बहिणींना मी दोष देणार नाही, कारण नवऱ्यानं उद्या घराबाहेर काढलं तर जायला भावाचं घर ही एकच जागा असते, स्वतःचे चार पैसे असते तर एवढं घाबरायला लागलं नसतं. काउंटरवर अशा बायका बघितल्यात, अंगावर वळ आणि खात्यात शंभर रुपये, जाणार कुठं?

शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं त्या करवीरात शंभर वर्षानंतरही शिकलेली बाई हिशोब विचारायला बिचकते हे मला पटत नाही.

म्हणून गावोगावच्या संस्थांच्या चेअरमन आणि सेक्रेटरींना हात जोडून विनंती, पुढच्या वार्षिक सभेत विषय घ्या, धार जी काढते तिला सभासद करा, बिल तिच्या खात्यावर टाका आणि मेसेज तिच्याच मोबाईलवर जाऊ दे. आणि मयत सभासदाचं नाव कमी करायचा अर्ज आला की पोराच्या आधी सुनेला आणि सासूला विचारा.

आपली,
एक वाचक, फुलेवाडी, कोल्हापूर