ओहळापलीकडची बाग विकू नका

पर्वरी, १२ जुलै

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

कॅन्सरनंतर माझ्या डाव्या स्तनाच्या जागी बसवलेल्या सिलिकॉनच्या इम्प्लांटचं, त्या कृत्रिम स्तनाचं, आता काय करायचं हा विषय फोनवर दोनदा काढला आणि दोन्ही वेळा अर्धवट राहिला. आईला रडू येतं आणि बाबा, तुम्ही "डॉक्टर सांगतील तसं कर" म्हणून फोन दादाच्या हाती देता. म्हणून लिहायला बसले. यावेळी डॉक्टरांनी सांगितलंय की ठरवायचं मी.

आधी तुमच्या मनातली भीती काढते. कॅन्सर परत आलेला नाही. एमआरआयमध्ये इम्प्लांटचं कवचही शाबूत दिसलं, आतलं सिलिकॉन कुठे झिरपलेलं नाही. बाबांनी मोबाईलवर पाठवलेली बातमीही मी डॉक्टरांना दाखवली. खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित एक वेगळा, लसिकापेशींचा कॅन्सर होतो आणि त्यामुळे २०१९ मध्ये तसली काही इम्प्लांट जगभरातून परत घेतली गेली, हे खरं आहे. माझं इम्प्लांटचं कार्ड शोधून काढलं. माझं गुळगुळीत आहे.

मग झालंय काय? शरीरात बाहेरची वस्तू ठेवली की शरीर तिच्याभोवती व्रणाची पिशवी विणतं. ती सगळ्यांनाच होते. पण माझ्या त्या बाजूला रेडिएशन झालंय. अशा जागी ही पिशवी जाड होऊन आवळत जाण्याचा धोका बराच जास्त असतो. डॉक्टर या आवळण्याचे चार टप्पे मानतात. तिसऱ्यात ती बाजू कडक लागते आणि आकार बिघडलेला दिसतो, चौथ्यात दुखू लागतं. मी गेल्या गणेश चवथीला तिसऱ्या टप्प्यात होते. आता डाव्या कुशीवर झोपता येत नाही.

आणि पेटी. आई, तुला वाटतं मी कामामुळे भजनाला जात नाही. तसं नाही गं. माझं इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली आहे. भाता डाव्या हाताने मारायचा, आणि दर वेळी तो स्नायू आवळला की इम्प्लांट वर ओढलं जातं, काखेपर्यंत कळ जाते. एक अभंग कसाबसा निभावते, दुसऱ्याला हात थांबतो. गेल्या वर्षी आपल्या गणपतीपुढे पेटी शेजारच्या मुलाकडे दिली ती यामुळेच. तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

आता मार्ग सांगते. आहे तसं ठेवता येतं, पण दुखणं राहणार. पिशवी काढून नवं इम्प्लांट बसवता येतं, यावेळी स्नायूच्या वर. म्हणजे ओढ थांबेल. वरची कातडी पातळ आहे म्हणून पोटाची चरबी काढून तिथे टोचावी लागेल. त्यातली काही शरीर शोषून घेतं, त्यामुळे हे एकदा करून भागेलच असं नाही. शिवाय रेडिएशन झालेली जागा तीच, ती पुन्हा आवळू शकते. इम्प्लांट तसंही जन्मभराचं नसतं. पाच-सहा वर्षांनी पहिली तपासणी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी, हे चक्र चालूच राहतं. पाठीचा स्नायू पुढे फिरवून आणण्याचीही एक शस्त्रक्रिया आहे. ती मी लगेच बाजूला ठेवली, कारण हात मागे ओढायला तोच स्नायू लागतो.

बाबा, तुम्हाला ज्याच्यासाठी ओहळापलीकडची बाग विकायची आहे ते ऑपरेशन वेगळं. बेंबीखालची कातडी आणि चरबी रक्तवाहिन्यांसकट उचलून छातीवर आणतात आणि दोन-तीन मिलिमीटरच्या त्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली छातीतल्या वाहिन्यांना जोडतात. सहा-आठ तास लागतात. त्यानंतर जोडलेल्या भागात रक्त खेळतंय ना, हे रात्रभर तासातासाला बघतात. जमलं तर ते आपल्याच शरीराचं, मऊ आणि उबदार असतं. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी एक तास देऊन सगळं समजावलं. ते चांगलं ऑपरेशन आहे, ज्या बायकांना हवंय त्यांनी जरूर करावं. पण त्यांनी माझं पोट चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे जेमतेम आहे." या कमरेपासून त्या कमरेपर्यंत आणखी एक व्रण, आणि शेवटी दोन्ही बाजू सारख्या दिसतील याची खात्री नाही.

मी इम्प्लांट आणि भोवतीची पिशवी काढून घेणार आहे. नवं काही बसवणार नाही. जादा कातडी कापून, चुण्या न ठेवता छाती त्या बाजूला सपाट शिवतील. एक-दोन दिवस दवाखान्यात, मग काही दिवस जखमेतलं पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी. ती तर आईच्या सवयीची आहे. रेडिएशनमुळे जखम हळू भरेल. सगळी कळ जाईलच असं वचन कोणी दिलेलं नाही, पण आवळणारी पिशवीच निघाल्यावर पुष्कळ फरक पडेल असं दोन्ही डॉक्टरांना वाटतं. पुढे कधी मन बदललंच, तर पोटाकडच्या ऑपरेशनचा रस्ता बंद होत नाही, हेही विचारून घेतलंय.

बाबा, हे मी पैसे वाचवण्यासाठी करत नाही. तुम्हाला तसंच वाटणार, म्हणून स्पष्ट लिहिते. उद्या कोणी फुकट करून दिलं तरी माझं उत्तर हेच. त्या पोफळी तुम्ही आणि आजोबांनी लावल्या, मिरवेल आईने चढवली. त्यातलं एकही झाड माझ्यापायी गेलेलं मला सोसणार नाही.

आई, २०१६ मध्ये मी अडतीस वर्षांची होते. एका आठवड्यात सगळं ठरलं. "बाईमाणूस आहे, रिकामं कसं ठेवायचं," असं तू म्हणालीस, आणि तेव्हा मलाही तेच वाटत होतं. त्याबद्दल मनात काही ठेवू नकोस. त्या इम्प्लांटने मला सुरुवातीची वर्षं सावरलं, भाचीच्या लग्नात पैठणी नेसून मी ताठ उभी राहिले. आता मात्र ते माझं वाटत नाही. तू मिठी मारतेस तेव्हा मध्ये काहीतरी कडक लागतं आणि तू पटकन दूर होतेस, मला दुखेल म्हणून. ते मला कळतं.

ह्यांच्याशी बोलणं झालंय. "तुला निवांत झोप लागू दे," एवढंच म्हणाले.

चवथ झाली की तारीख घेणार. उजव्या बाजूची मॅमोग्राफी आहे तशी दरवर्षी चालू राहील. साडीत कसं दिसेल हा तुझा प्रश्न मी विसरले नाही. ब्राच्या कप्प्यात ठेवायचे सिलिकॉनचे पॅड बाजारात मिळतात, पण जखम कोवळी असताना वजनाचं काही चालत नाही. तेव्हा मऊ सुती पॅड लागेल, आत पिंजलेला कापूस भरलेला. तुझ्या त्या जुन्या निळ्या लुगड्याचा, धुऊन धुऊन पातळ झालेल्या भागाचा, शिवून देशील? दोन हवेत, एक धुवायला टाकलं की दुसरं. माप घ्यायला मी रविवारी सावईवेऱ्याला येतेय. पेटीचा भाताही जरा उघडून बघूया बाबा, तो कुठेतरी वारा सोडतो.

तुमची,
बाय