रजा संपल्यानंतरच्या मातांचे काय?

महोदय,

राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते, ही स्वागतार्ह बाब आहे. मात्र रजेनंतर कामावर परतलेल्या मातेने बाळासाठी दूध काढायचे कुठे आणि ते ठेवायचे कुठे, याचा विचार ठाणे-बेलापूर परिसरातील शासकीय कार्यालयांत फारसा झालेला दिसत नाही. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत स्तनपानासाठी कामाच्या वेळेत दोन वेळा सवड देण्याची तरतूद मातृत्व लाभ कायद्याने केली आणि २०१७च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन घातले. परंतु बदलापूरहून येणाऱ्या कर्मचारी महिलेला त्या सवडीत घरी जाऊन येणे अशक्यच असते. मग जुन्या फायलींच्या खोलीत किंवा स्वच्छतागृहात (जिथे आपण जेवणाचा डबाही उघडणार नाही) दूध काढण्याची वेळ तिच्यावर येते. आतून कडी लागणारी छोटी खोली, खुर्ची, हात धुण्याची सोय आणि एक फ्रीज, एवढ्याचा खर्च साहेबांच्या दालनाच्या नूतनीकरणापेक्षा खचितच कमी असेल. जिल्हाधिकारी आणि ठाणे व नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या आयुक्तांनी आपापल्या मुख्यालयांपासून याची सुरुवात करावी, ही विनंती.

– एक शासकीय कर्मचारी, नेरुळ, नवी मुंबई