पोकळ झालं म्हणून झाड तोडू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या वळवात आमच्या रस्त्यावरचा गुलमोहर आडवा झाला. सुदैवाने खाली कोणी नव्हतं. आता ओळीतली सगळीच झाडं ‘पोखरलेली’ म्हणून काढून टाकावीत, अशा अर्जावर सह्या गोळा होताहेत. खानापुरात माझी लाकडाची वखार आहे. झाडं तुटली तर चार ओंडके माझ्याकडेच येतील. तरीही मी सही केलेली नाही.

करवतीवर येणारे आंब्या-जांभळांचे कितीतरी जुने बुंधे मधे पोकळ आणि भोवतीने टणक निघतात. पाणी बाहेरच्या लाकडातून वर चढतं, त्यामुळे गाभा कुजला तरी झाड वर्षानुवर्षं उभं राहतं. पडलेला गुलमोहर मात्र हिरवागार होता. त्याची कूज बुंध्यात आणि मुळांत होती. गॅनोडर्मा नावाची बुरशी जमिनीलगत कानासारखी बाहेर येते. वरून तांबूस, तुकतुकीत, खालून पांढरी. ती दिसेपर्यंत आतलं लाकूड बरंच खाऊन झालेलं असतं, तेव्हा नुसती खरवडून काही साधत नाही. गटार खोदताना ज्या अंगाची मुळं तोडली, नेमकी तिथेच ती उगवली होती. हे कुणाच्याच अर्जात नाही.

लाकडी मोगरीने बुंधा ठोकला की बद्द आवाजावरून पोकळी कळते, पण भोवतीचं लाकूड किती उरलंय ते कळत नाही. झाडं कशी मोडतात याचा अभ्यास करणाऱ्या जर्मनीच्या क्लाउस मॅटेक यांचा ठोकताळा असा, की चांगल्या लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण ३० टक्क्यांखाली गेली की धोका वाढतो. म्हणजे ९० सेंटिमीटर व्यासाच्या खोडाला निदान १३-१४ सेंटिमीटर हवं. ढोलीला मोठं तोंड असेल तर हिशोब आणखी कडक धरावा. ही जाडी मोजायला रेझिस्टोग्राफ नावाचं, लाकडात बारीक सुई घालून बघायचं यंत्र असतं; त्याची सुई टोकाला जेमतेम ३ मिलिमीटर. गिरमिटाने भोकं पाडत सुटू नये, कारण कुजीला अडवायला झाडाने आत घातलेला बांध त्याने फुटतो. (ढोलीत सिमेंट भरणाऱ्यांना तर हात जोडतो.)

माझ्या मते, शाळेच्या फाटकाजवळच्या गुलमोहराला तीच बुरशी आहे आणि मुळंही तुटलीत; तो पावसाआधी काढावाच. टोकाच्या चिंचेची भिंत, म्हणजे पोकळीभोवतीचं चांगलं लाकूड, मोजून पुरेशी निघाली, तर फांद्यांचा भार कमी करून, खालचा रिक्षा स्टँड हलवून ती राखता येईल.

१९७६च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे तोडीला वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्यांनी सरसकट ‘धोकादायक’ असा शेरा न मारता प्रत्येक झाडापुढे बुरशी कुठे, भिंत किती आणि खाली वावर कुणाचा, एवढं लिहावं. पाहणी मृगाआधी व्हावी आणि गटाराच्या बाजूने सुरू करावी.

आपला,
एक वखारवाला, खानापूर (जि. बेळगाव)