सूचना: जिवंत पेशींसाठी वापरलेल्या प्रोबची (चमकणाऱ्या रंगाची) नोंद

रत्नागिरी-मालवणकडील सभासदांनो, अहवालात नुसतं 'टीएमआरएमने (मायटोकॉन्ड्रियात साठणाऱ्या चमकत्या रंगाने) रंगवलं' चालणार नाही. लॉट क्रमांक, अंतिम संहती, वेळ, तापमान आणि डीएमएसओचं (प्रोब ज्यात विरघळवतो त्या द्रावकाचं) प्रमाण लिहा. संहती तर हवीच: २०-३० नॅनोमोलरला मायटोकॉन्ड्रियाच्या पटलाचा विद्युत विभव घसरला की चमक उतरते, मायक्रोमोलरच्या घरात क्वेंचिंग (दाटीमुळे रंगाची चमक दबणं) सुटल्याने सुरुवातीला उलट वाढते. आकडाच नसेल तर आलेख वाचायचा कसा? लेझरची टक्केवारी नको, सूक्ष्मदर्शकाच्या ऑब्जेक्टिव्हपाशी मोजलेले मायक्रोवॅट द्या. न रंगवलेल्या आणि फक्त डीएमएसओ दिलेल्या पेशींची चित्रं जोडा.

आणि हो, पावसाळ्यात फ्रीझरमधली कुपी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. आपल्या दमट हवेत डीएमएसओ पाणी ओढतो. एएम एस्टर प्रोब (पेशीत शिरावेत म्हणून एस्टर गट जोडलेले) मग पाण्यामुळे कुपीतच तुटतात, पेशीत शिरतच नाहीत.