आपद्ग्रस्तांना केवळ याचक समजू नये

महोदय,

परदेशी जाऊन स्वयंसेवा करू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी हा पत्रप्रपंच. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात नेपाळमध्ये सुमारे नऊ हजार माणसे दगावली. सर्वाधिक जीवितहानी सिंधुपाल्चोक जिल्ह्यात झाली. तेथील एका गावात मी त्या पावसाळ्यात ढिगारे उपसण्याचे काम केले. कर्ती मुले आखातात किंवा मलेशियात, मागे उरलेल्या म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या सुना. परंतु त्या बायका ‘पर्म’ या जुन्या प्रथेप्रमाणे, म्हणजे आपल्याकडच्या इर्जिकीसारखी, आळीपाळीने एकमेकींची भातलावणी उरकत होत्या आणि पडक्या घरांचे शाबूत दगड व चौकटी निवडून बांधावर रचून ठेवत होत्या. पुढे सरकारने घरबांधणीसाठी तीन लाख नेपाळी रुपयांचे अनुदान हप्त्यांनी दिले, तरी जमिनीचा लालपुर्जा (मालकीहक्काचा दाखला) नावावर नसलेल्यांना त्यासाठी खेटे घालावे लागले. अशा माणसांच्या चिवटपणाचे कौतुक करताना (आणि छायाचित्रे काढताना) त्यांचे अडलेले कागद नजरेआड होतात. तेव्हा स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्थांनी जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांऐवजी नेपाळी समजणारी, अर्ज भरून देऊ शकणारी माणसे पाठवावीत.

– एक वाचक, सांगली